कड्याहून नगरला, सायकली घेऊन

आमच्या कड्यातला माणूस सकाळी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभा दिसला आणि "नगरला चाललोय" म्हणाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कोण ॲडमिट आहे?" आष्टी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. जिल्हा बीड, पण सगळा ओढा नगरकडे. नगर पन्नासेक किलोमीटरवर आणि बीड त्याच्या कितीतरी पुढे, त्यामुळे कागदपत्रांची कामं सोडली तर आमचं आयुष्य नगरच्या भरवशावर चालतं. बाळंतपण अवघड झालं की नगर. छातीत दुखलं की नगर. मुलीचं लग्न ठरलं की बस्ता बांधायला कापड बाजार, कड्याच्या बाजार समितीत कांद्याचा भाव पडला की नेप्तीचा उपबाजार, ट्रॅक्टरचा एखादा सुटा भाग मिळेना की स्टेशन रोड. २०२४ मध्ये नाव बदलून अहिल्यानगर झालं, हे कुणाच्या लक्षात नसतं. एसटीत कंडक्टरला तिकीट मागताना तोंडातून नगरच येतं.

असं शहर माणूस पाहत नाही, वापरतो. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरायचं, रिक्षा करायची, दवाखाना, शेजारचं मेडिकल, रसाचा एखादा ग्लास आणि संध्याकाळच्या गाडीने परत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर नगरच्या वाऱ्या केल्या आणि भुईकोट किल्ला त्यांनी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिला. आईला शहराचा एकच भाग नीट ठाऊक होता, तोही रुग्णालयाच्या जिन्यावर बसून पाहिलेला. आमच्या मुलांना नगर असं कळू नये असं मला आणि बायकोला मनापासून वाटत होतं. म्हणून गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे सावेडीला जायचं ठरलं, तेव्हा आम्ही तिला सांगितलं की या वेळी राहायलाच येतोय, आणि सायकली घेऊन येतोय.

"सायकली कशाला रे? दाजी गाडीतून फिरवून आणतील की सगळ्यांना," ताई म्हणाली.

गाडीतून आम्ही आधी फिरलो होतो. गाडी एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत जाते आणि मधलं शहर काचेबाहेर राहतं. मुलांना ते मधलं दाखवायचं होतं. आमची थोरली नववीत, धाकटा पाचवीत. दोघांच्या सायकली शाळेच्या रस्त्यावर चांगल्या मुरलेल्या. बायको लहानपणी वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकलेली. लग्नानंतर सुटली होती ती सवय.

नेप्तीला कायम कांदा नेणारा गावातला एक पिकअपवाला ओळखीचा आहे. दिवाळीत लिलाव बंद, गाडी दारात उभी. त्याने सायकली दोरखंडाने बांधल्या, मधे पोती कोंबली आणि विचारलं, "भाऊ, रेल्वे सोडून हे काय काढलं?" रेल्वे आहे खरी. नगर–बीड–परळी मार्गासाठी आमच्याकडच्या कित्येक पिढ्यांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले, आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून न्यू आष्टीपर्यंतची पहिली गाडी सुटली. ६६ किलोमीटरच्या त्या टप्प्यात कड्याला स्थानक आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, गाडी बीडपर्यंत पोहोचली. रेल्वेचा पहिला डबा दिसला तेव्हा रुळांच्या कडेला उभी राहून डोळे पुसणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण सायकलींचं लटांबर त्या डब्यात चढवण्याऐवजी पिकअप बरी होती. धानोरा, चिचोंडी पाटील करत आम्ही अंधार पडायच्या आत सावेडीत पोहोचलो. रस्त्यात चिचोंडीच्या आसपास उजव्या हाताला भातोडीकडे जाणारी वाट आहे. त्या वेळी ती नुसती मागे पडली. तिचं पुढे काम निघालं.

सकाळी लवकर निघायचं हा नियम थोरलीनेच केला. दिवाळीच्या दिवसांत नगर उशिरा जागं होतं. पहाटेच्या फटाक्यांचे कागद रस्त्यावर पसरलेले, दारादारात रांगोळ्या, दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर वाहन नाही. सावेडीतून पत्रकार चौक, तिथून दिल्ली दरवाजाच्या दिशेने आत शिरलो की शहर अरुंद होत जातं. नालेगाव, चितळे रोड, दाळ मंडई, आडते बाजार, सर्जेपुरा, तोफखाना : ही नावं आम्ही दुकानांच्या पाट्यांवर वाचलेली, पण ती एकमेकांना कुठे चिकटलेली आहेत हे तेव्हाच कळलं. रिक्षात बसलेल्या माणसाला दोन मोहल्ल्यांमधलं अंतर पैशांत कळतं. सायकलवर ते पायांना कळतं, आणि पायांना कळलं की ते फारच थोडं निघतं. जुनं नगर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलांनी न दमता ओलांडलं.

त्याचं कारण शहराच्या बांधणीत आहे. मलिक अहमद निजामशहाने २८ मे १४९० रोजी बहामनी फौजेचा पराभव केला. तीच तारीख नगरचा स्थापना दिन मानली जाते. सीना नदीच्या डाव्या काठावर त्याने शहर वसवायला घेतलं. पुढे हुसेन निजामशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास, शहराला तट आणि वेशी झाल्या. पायी चालणाऱ्या, बैलगाडीने आणि घोड्यावरून जाणाऱ्या माणसांसाठी आखलेलं ते शहर होतं. तट बहुतेक ठिकाणी गेला, दिल्ली दरवाजा राहिला, पण गल्ल्यांची मापं तीच राहिली. आज त्या गल्ल्यांत चारचाकी शिरली की दोन्ही बाजू खोळंबतात. सायकल तिथे आरामात चालते. गल्लीच्या तोंडाशी खाट टाकून बसलेल्या एका आजींनी धाकट्याला थांबवून हातावर अनारसा ठेवला आणि कुणाचा कोण ते विचारलं. "कड्याचे आम्ही," म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "मग दवाखान्यात कोण आहे बाळा?"

त्या एका प्रश्नावरून थोरली दिवसभर अस्वस्थ होती. "आई, सगळे असंच का विचारतात?" उत्तर देण्यासारखं आमच्याकडे जे होतं ते साधंच होतं : आमच्या तालुक्यात पाऊस कमी, पाण्याच्या योजना अपुऱ्या, मोठे दवाखाने नाहीत, दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. कड्याचा स्वतःचा सहकारी साखर कारखाना होता, तोही बंद पडला. ज्या गावातून माणसं अशी निघतात, त्या गावचा माणूस दुसऱ्या गावात हौसेने फिरायला आला असेल ही कल्पनाच कुणाला सुचत नाही.

भुईकोट किल्ल्यापाशी मात्र हौसच हौस झाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून आत जावं लागतं. सपाट जमिनीवरचा, जवळपास गोल किल्ला, परीघ पावणेदोन किलोमीटरच्या आत, आणि भोवती सुमारे तीस मीटर रुंदीचा खंदक. मातीचा जुना किल्ला हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या वर्षांत दगडात बांधून काढला. तटाच्या पायाशी सायकल टेकवून वर पाहिलं की त्याची उंची मानेला जाणवते. १५९५-९६ साली मोगल शहजादा मुरादच्या सुरुंगांनी तटाला भगदाड पडलं तेव्हा चांदबिबी स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात भिंत भरून काढली. वऱ्हाडचा प्रांत देऊन तिने तह केला आणि शहर वाचवलं. १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि त्यानंतर किल्ला मोगलांकडे गेला. थोरलीने हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं, पण भगदाड किती मोठं असेल याचा अंदाज ती तटाच्या जाडीवरून बांधत राहिली, हाताने वाव मोजत.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारतच्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथेच आणून ठेवलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, आपले शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ साली इथल्या पाच महिन्यांत लिहिलं. आझादांचं 'गुबार-ए-खातिर' इथलंच. त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या, तेव्हा आझाद याच भिंतींच्या आत होते. ते ऐकल्यावर बायको बराच वेळ त्या बराकीच्या व्हरांड्यात थांबली.

बाहेर आल्यावर धाकट्याने विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याने तट, तोफा, कैद यांतलं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, "एवढ्या मोठ्या खंदकात पाणी कुठून आणायचे?"

दुष्काळी तालुक्यातलं पोर हेच विचारणार. घरी हंडे, टँकर, बोअरची खोली हेच कानावर पडत आलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर नगरबद्दल याहून चांगला प्रश्न नाही. सीना ही काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. तरीही निजामशाही काळातलं नगर बागांचं शहर म्हणून गाजलं, कारण भोवतीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी विहिरी आणि झरे हेरून तिथलं पाणी उतारावर, जमिनीखालून, शहरात आणलं होतं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडून खापरी नळांचे मार्ग निघत. मधे ठरावीक अंतरावर उसासे, म्हणजे हवा सुटायला आणि गाळ काढायला बांधलेले उंच मनोरे. पंप नाही, वीज नाही. जमिनीचा उतार नेमका मोजायचा आणि पाणी त्यावर सोडायचं. शहरात ते हौदांत पडे आणि हौदांतून घराघरांत जाई. दुसऱ्या दिवसापासून आमच्या सायकलींचा रस्ता या पाण्याच्या मागेच गेला. तो कुणी ठरवला नव्हता.

किल्ल्याच्या पूर्वेला थोड्या अंतरावर दमडी मशीद आहे, १५६७ ची. साहिरखानाने ती बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दिलेल्या दमड्यांतून ती उभी राहिली असं लोक सांगतात. लहानशी इमारत, पण दगडावरचं कोरीव काम इतकं नाजूक की धाकट्याला ते लाकूड वाटलं. तिथून पुढे लष्करी भागातल्या रुंद, झाडीच्या रस्त्यांवर सायकल चालवण्याचा आनंद वेगळाच. भिंगारजवळ आलमगीर. औरंगजेब मार्च १७०७ मध्ये इथल्या छावणीत मेला आणि दफनासाठी खुलताबादला नेला गेला. मराठ्यांच्या मागे पंचवीस वर्षं दख्खन तुडवणारा बादशहा आमच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात संपला, हे थोरलीला फार विलक्षण वाटलं. मलाही वाटतं.

सोलापूर रस्त्याकडे वळलं की फराहबख्श महाल लागतो. लोक फराहबाग म्हणतात. मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ साली, तो पुरा झाला. अष्टकोनी आकार, मधे घुमटाचा उंच दिवाणखाना, आणि हे सगळं एका प्रचंड तळ्याच्या मध्यभागी. महालाच्या चारी बाजूंना पाणी, आणि ते पाणीही नळांनीच आणलेलं. उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा वारा दालनांतून खेळवायचा ही कल्पना. आज तळं कोरडं आहे. आम्ही गवतातून सायकली ढकलत नेल्या आणि ज्या ठिकाणी कधी काळी होडीतून उतरायचं असेल तिथे उभ्या केल्या. धाकटा तळ्याचा तळ कुठे संपतो ते पाहायला धावत गेला. आमच्या गावाला उन्हाळाभर पुरेल एवढं पाणी इथे राजाला गार वाटावं म्हणून साठवलं होतं, असं बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि मला तो रास्त वाटला. पण तिनेच पुढे म्हटलं की ज्यांना हे जमलं, त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही उरलं असेल तर ते आज कुणी शिकतंय का ते विचारलं पाहिजे. या शहराला आता मुळा धरणाचं पाणी येतं. खापरी नळांचे उसासे शेताच्या बांधावर कुठे कुठे उभे असतात. कशाचे आहेत हे विचारलं तर अनेकांना सांगता येत नाही.

जवळच रणगाड्यांचं संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअरने १९९४ साली ते उभारलं. दोन्ही महायुद्धांतले रणगाडे, रोल्स रॉइसची चिलखती मोटार, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन. मुलं तिथे रमली.

परतताना थोरलीची सायकल पंक्चर झाली. बाजारातल्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री भेटले. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, कानशीने जागा घासायची, सोल्यूशन लावून फुंकर मारत वाळवायचं : सगळं हात न थांबता. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी हेच दुकान तासाच्या भाड्याने सायकली देत असे. शाळा सुटली की पोरांची रांग. बाहेरगावचा माणूस कोर्टात तारखेला आला की स्टँडजवळून सायकल घ्यायचा, कामं उरकायचा, संध्याकाळी परत करायचा. "आता तासाने सायकल मागणारा तुमचा पोरगाच पहिला," असं म्हणून त्यांनी धाकट्याच्या सायकलच्या चेनला आपणहून तेल दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. नगरला फिरायला येणाऱ्यांसाठी तशी भाड्याची दुकानं पुन्हा सुरू व्हावीत असं मला फार वाटतं. किल्ला, दमडी मशीद, फराहबाग, बागरोजा, कोटला, दिल्ली दरवाजा ही सगळी ठिकाणं सायकलच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या घेरात आहेत.

बागरोजा शहराच्या पश्चिमेला, सीनेच्या बाजूला. शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाची काळ्या दगडातली कबर तिथे आहे. पण मुलांना आवडली ती आवाराबाहेरची हत्तीची कबर. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणाऱ्या गुलाम अली नावाच्या हत्तीची ती, असं सांगतात. "हत्तीलासुद्धा कबर?" धाकटा विचारत राहिला. शहरातला बारा इमाम कोटला १५३७ च्या सुमाराचा, बुऱ्हाण निजामशहाने शिया विद्यापीठ म्हणून बांधलेला. मोहरममध्ये इथून निघणाऱ्या सवाऱ्यांना सगळ्या जातिधर्मांचे लोक असतात हे मिस्त्रींनीच सांगितलं होतं.

एक सकाळ थोरलीच्या वाट्याची होती. तिला मिस फॅरारची शाळा कुठे होती ते पाहायचं होतं. सिंथिया फॅरार ही लग्न न करता, एकटी अमेरिकेहून आलेली शिक्षिका. अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा ती नगरमध्ये चालवत असे आणि १८६२ मध्ये इथेच वारली. जोतिराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत शिकवण्याआधी सावित्रीबाई नगरला मिस फॅरारकडे शिकल्या असं त्यांचे चरित्रकार नोंदवतात. 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक १८४२ साली निघालं तेही नगरातून. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई इथे राहिले, बालकवीही काही काळ त्यांच्या घरी राहिले. मिशनच्या जुन्या आवारांच्या आणि चर्चच्या भागात आम्ही सावकाश हिंडलो. कुठली नेमकी इमारत, याचा आग्रह थोरलीने सोडून दिला. ती म्हणाली, "सावित्रीबाई इथल्याच कुठल्यातरी रस्त्याने चालत गेल्या असतील ना, मग झालं."

तिची सायकल हा आमच्या घरातला मोठा विषय आहे. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात आणि वाड्यावस्त्यांवरच्या किती मुली त्यामुळे आठवीच्या पुढे टिकल्या हे शाळाशाळांतल्या शिक्षकांना विचारावं. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम झाली; हजारो बायका, त्यात खाणीत काम करणाऱ्या मजूरही, सायकलवर स्वार झाल्या आणि पाणी आणण्यापासून बाजाराला जाण्यापर्यंत कुणाची वाट बघणं त्यांनी सोडलं. माझी बायको ताईची सायकल घेऊन पहिल्या दिवशी जपून चालवत होती. तिसऱ्या वळणानंतर ती आमच्या पुढे होती आणि मग शेवटपर्यंत पुढेच राहिली. ताईने ते पाहिलं, आणि पुढच्या सकाळी दाजींना चहा करून घ्यायला सांगून तीही शेजारणीची सायकल मागून घेऊन निघाली.

हे सगळं उन्हं वर येईपर्यंतच शक्य होतं, हे लिहिलं पाहिजे. नऊनंतर नगर बदलतं. पुणे, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, दौंड, कल्याण, पाथर्डी, जामखेड अशा सगळ्या दिशांचे रस्ते या शहरात येऊन मिळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेशन रोडवरचा तीनेक किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला. त्याने अवजड वाहनं काही प्रमाणात वर गेली. पण खाली चौक ओलांडणारं दहा वर्षांचं पोर अजून कुणाच्या हिशेबात नाही. एका चौकात आम्ही सगळे उतरून, मुलांना मधे घेऊन, सायकली हाताने ढकलत पलीकडे गेलो. नेदरलँड्स म्हटलं की लोक म्हणतात, त्यांचं काय, त्यांची सवयच सायकलची. पण तिथेही मोटारी वाढल्या आणि १९७१ साली वाहनांखाली सापडून चारशेहून अधिक मुलं मेली. आईबाप रस्त्यावर बसले, मुलांचे खून थांबवा अशी हाक देत. १९७३ च्या तेलटंचाईने त्या मागणीला जोर आला. आज तिथे दिसणारे सायकलींचे वेगळे रस्ते त्या आईबापांनी भांडून मिळवलेले आहेत. नगरमध्ये सगळं शहर बदलायची गरज नाही. किल्ल्याभोवतीचा रस्ता, तिथून भिंगार आणि फराहबागपर्यंतचा पट्टा आणि शाळांच्या आसपासच्या गल्ल्या एवढ्यांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ मुलं सुरक्षित होतील. आमच्यासारखी बाहेरगावची माणसं हे शहर पाहायला येतील.

शेवटी शहा डोंगर. पाथर्डी रस्त्याने पूर्वेला, शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर. डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दूरदूरवरून दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती कबर आहे सलाबतखानाची, मुर्तजा निजामशहाच्या मंत्र्याची. चढावर मुलं उतरली, आम्हीही उतरलो आणि सायकली ढकलत वर गेलो. नगरचे लोक पहाटे इथे चढायला येतात. त्यातल्या एका काकांनी धाकट्याची सायकल आपल्या हातात घेतली आणि वर नेऊन दिली. कमानींतून चारी बाजूंचा मुलूख दिसतो. पश्चिमेकडे नगरचं शहर, आणि दक्षिणेला, उन्हाने फिकट झालेल्या माळांच्या पलीकडे, आमची बाजू.

आणि इथे धाकट्याच्या पाण्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग सुटला. या सलाबतखानाने भातोडीला तलाव बांधला होता, जामखेड रस्त्याच्या जवळ, मेहेकरी नदीच्या खोऱ्यात. त्याच भातोडीपाशी १६२४ साली मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना हरवलं. तलावाचं पाणी सोडून त्याने शत्रूच्या वाटेत चिखल करून टाकला. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. इंग्रजांनी पुढे तो तलाव दुरुस्त करून घेतला. मेहेकरी तिथून खाली आष्टी तालुक्यात येते, तिच्यावर आमच्याकडे मेहेकरी प्रकल्प आहे, आणि ती शेवटी सीनेला मिळते. सीना नगरच्या वेशीवरून निघून काही अंतर नगर आणि बीड जिल्ह्यांची हद्द होऊन वाहते. मी जमिनीवर काटकीने दोन्ही नद्या काढून दाखवल्या. थोरली म्हणाली, "म्हणजे पाऊस त्यांच्याकडे पडला की पाणी आपल्याकडे येतं." येतं, पडला तर.

परतीला पिकअपवाल्याला आम्ही भातोडीकडे वळायला सांगितलं. तलावाच्या भिंतीवर मुलांनी थोडं अंतर सायकली चालवल्या. पाणी बऱ्यापैकी होतं. शरीफजींच्या समाधीपाशी थांबलो. पिकअपवाला इतकी वर्षं याच रस्त्याने कांदा घेऊन जातो, पण आत कधी आलेला नव्हता. त्याने मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला.

आता ताईची मुलं सायकली घेऊन कड्याला यायची म्हणतात. थोरलीने त्यांच्यासाठी वहीत रस्ता आखून ठेवला आहे : सकाळी बाजार समितीतला कांद्याचा लिलाव, मग रेल्वे स्थानक, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजचा परिसर, बंद कारखान्याची चिमणी, दुसऱ्या दिवशी मेहेकरीचं धरण, आणि जमलं तर सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांच्या समाधीपर्यंत. मायंब्याचा चढ पोरांना झेपेल का, यावर घरात अजून एकमत नाही. ताईचा धाकटा फोनवर रोज एकच विचारतो, धरणात पोहता येईल का. पाणी किती उरतं त्यावर ते ठरेल.